हात पसरू नका, पावती मागा

(सोलापुरात वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलल्यासारखंच छापलं आहे.)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आयाबायांनो, जयभीम.

मला इथं कवी म्हणून बोलावलंय. बोलावणाऱ्यांना वाटलं असंल, हा गोदीतला हमाल चार कविता म्हणंल, टाळ्या घेईल आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत जाईल. आज मी कविता म्हणणार नाही. मी रेशनवर बोलणार आहे. हसा, हसून घ्या. क्रांतीच्या सभेत हा कंट्रोलच्या गव्हाचं काय घेऊन बसला, असं पुढच्या रांगेतल्या दोस्तांच्या तोंडावर लिहिलेलं मला इथनं वाचता येतंय.

भुकेवर कविता लिहिणारे आपल्यात लई आहेत. मीही लिहितो. पण या गल्लीत कुणाच्या कार्डावर किती किलो धान्य लागतं आणि घरात किती पोचतं, हे विचारलं तर उत्तर कवी देणार नाही. ते उत्तर मागं भिंतीला टेकलेल्या बायांजवळ आहे. म्हणून आज तोंड पुढं असलं तरी मी बोलतोय मागच्यांशी.

एक शब्द घेऊ. फुकट. आपल्या माणसाला हा शब्द लागतो. रेशनच्या रांगेत उभा राहिलेला पोरगा ओळखीचं कुणी दिसलं की मान फिरवतो. कालेजात जाणारा पिशवी घडी करून शर्टात लपवतो. आई म्हणते, जा बाबा, आज शेवटची तारीख आहे. पोरगा म्हणतो, मी नाही भिकाऱ्यावानी उभा राहणार. ही लाज कुठनं आली? ती त्याची स्वतःची नाही. ती त्याच्या पणज्याची आहे, आणि तिला कारण होतं.

आमची आज्जी सांगायची. तिची सासू येसकराच्या घरातली. येसकर दिवसभर गावाची वेस राखायचा, सरकारी टपाल या गावाहून त्या गावाला न्यायचा, पाटलाच्या घोड्यापुढं पळायचा, कुणी मेलं तर पाहुण्यांना सांगावा द्यायला दहा कोस उन्हात जायचा. मेलेलं ढोर ओढायचा. आणि दिवस बुडला की घुंगराची काठी अन् घोंगडं घेऊन दारोदार भाकर मागायचा. काठी आपटली की घुंगरू वाजायचं. आतनं बाई यायची अन् वरनं, लांबनं भाकर टाकायची. कधी कालची, कधी कोर तुटलेली. आज्जी म्हणायची, "त्या भाकरीला शिवी लागलेली असायची, शेकली तरी जात नव्हती."

बघा, ती भाकर फुकट नव्हती. दिवसभराच्या राबणुकीची ती मजुरी होती. पण गावगाड्यानं मजुरीचं नाव ठेवलं भीक. काम करून घेतलं हक्कानं, आणि दिलं दया म्हणून. मोजमाप नाही, हिशेब नाही, कमी दिली तर विचारायची सोय नाही. विचारलं तर उद्याची बंद. बेदरच्या बादशहानं महारांना बावन्न हक्क दिले असं सांगतात. त्यातले हक्क काय, तर मेलेलं ढोर आमचं आणि मढ्यावरचं कापड आमचं. जे कुणालाच नको ते आमच्या हक्कात.

म्हणून बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चात महाडच्या परिषदेत सांगितलं की मेलेलं मांस सोडा, शिळंउष्टं मागणं सोडा. लोकांनी सोडलं. पोटाला चिमटा घेऊन सोडलं. काही गावांनी त्यापायी बहिष्कार सोसला. १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मुंबईच्या कौन्सिलात मांडलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर. आपल्या घरातली लाज या लढाईतनं आलीय. ती मोलाची आहे, मी तिला हसत नाही.

पण तीच लाज आज चुकीच्या दारात उभी केली जातेय. रेशनचं दुकान म्हंजे पाटलाचा वाडा नव्हे, आणि दुकानदार म्हंजे वरनं भाकर टाकणारी बाई नव्हे. तो कमिशनवर बसवलेला माणूस आहे. त्याच्या दुकानातलं धान्य त्याचं नाही. मग कुणाचं? हे समजायला लांब जायला नको, इथनं मंगळवेढ्याला चला.

मंगळवेढा म्हंजे ज्वारीचं कोठार. तिथल्या ज्वारीला २०१६ साली सरकारनं भौगोलिक मानांकन दिलं. दामाजीपंताची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी कीर्तनात ऐकलीय. बेदरच्या बादशाहीच्या वेळची. दुष्काळ पडला, माणसं पाला खाऊन मरायला लागली, आणि मंगळवेढ्याला बादशहाची पेवं धान्यानं भरलेली. दामाजी तिथला अंमलदार. त्यानं कोठारं फोडली अन् धान्य लोकांना वाटलं. बादशहा खवळला, दामाजीला धरून आणायचा हुकूम सुटला. मग विठोबानं विठू महाराचं रूप घेतलं, बेदरला जाऊन धान्याची किंमत मोहरांनी भरली आणि दामाजीची सुटका केली. महिपतीनं १७६२ साली 'भक्तविजया'त हे लिहून ठेवलंय. मंगळवेढ्यात दामाजीचं देऊळ आहे.

मी देवबिव मानत नाही. पण गोष्ट नीट ऐकतो. पहिली गोष्ट, कोठारातलं धान्य बादशहानं पिकवलेलं नव्हतं. ते कुणब्याच्या खळ्यावरनं आलेलं आणि त्याच्या कडेला राबणाऱ्या महारामांगाच्या घामाचं. ज्यांनी ते पिकवलं तेच पेवाच्या तोंडाशी मरत होते. दुसरी, देवाला कर्ज फेडायला जायचं झालं तर महार व्हावं लागलं. लांबच्या वाटेनं कुणाचं तरी ओझं पोचवायचं काम कुणाचं हे देवालाही ठाऊक होतं. त्या विठू महाराच्या जातीला पंढरपूरच्या देवळाचं दार १९४७ पर्यंत बंद होतं. साने गुरुजी उपोषणाला बसले तवा ते उघडलं. आणि तिसरी गोष्ट, जी कीर्तनकार घाईत सांगून टाकतो. विठू महारानं पैसे भरले आणि पावती घेतली. गोष्टीतल्या महारानं बादशहाकडनं पावती घेतली, दोस्तांनो! येसकराच्या भाकरीला कधी पावती नव्हती.

त्याच मंगळवेढ्याचा चोखोबा. गावकुसाचं बांधकाम चाललेलं, वेठीला धरलेली माणसं वर दगड चढवत होती. कूस कोसळलं, त्यात चोखोबा गेला. परंपरा सांगते १३३८ साल. एकाच गावात धान्याचं कोठार आणि महाराला गाडणारी भिंत. या जिल्ह्याचा इतिहास मला एवढ्यात कळतो.

आता दुष्काळाचं. सोलापूरला दुष्काळ पाहुणा नाही, घरातलाच आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानं हा जिल्हा भाजून काढला. त्या वेळी धनकवडीला जोतीराव अन् सावित्रीबाई आणि सत्यशोधक मंडळींनी उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. चळवळीनं चूल पेटवल्याचा हा आपल्याकडचा जुना दाखला.

मग १९७२. आज्जी खडी फोडायला होती. त्या दुष्काळात १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेचा लाल मिलो. आज्जी म्हणायची मिलोची भाकर थापताना तुटायची अन् खाताना घशात अडकायची. पण तिचा एक अनुभव मी कधी विसरत नाही. तिथं मस्टरवर तिचं नाव होतं. सकाळी नाव पुकारलं जायचं, आठवड्याला खोदाईचं माप घेतलं जायचं. माप कमी धरलं की बाया मुकादमाला घेराव घालायच्या. "भाकर मागायला गेलेल्या माझ्या सासूनं कधी असं भांडण केलं नव्हतं," ती म्हणायची. "माझं नाव कागदावर हुतं म्हणून माझं तोंड उघडलं." त्या कामांतनं रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आधी लोकांनी हक्क सांगितला, कायदा मागनं आला.

तसंच अन्नाच्या कायद्याचं. २००१ साली देशात सरकारी गोदामं ओसंडत होती, पोती पावसात कुजत होती, आणि राजस्थानात माणसं उपाशी होती. पीयूसीएल ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टानं हुकूम दिला की शाळेत पोरांना शिजवलेलं जेवण द्या, आणि या योजना म्हंजे सरकारची मेहेरबानी नाही, लोकांचा हक्क आहे. त्यातनं पुढं २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला.

आता वही काढा. नसंल तर हातावर लिहा.

प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य. अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, माणसं किती का असंनात. आधी तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. १ जानेवारी २०२३ पासून हे फुकट. २०२४ च्या जानेवारीपासून आणखी पाच वर्षं फुकट राहील असं केंद्रानं जाहीर केलं.

फुकट झालं म्हणून ढोल वाजले. आता हिशेब ऐका, मी गोदीत पोती मोजणारा माणूस आहे. करोनात, मधले काही महिने सोडले तर २०२२ च्या डिसेंबरपर्यंत, माणशी ५ किलो विकतचं आणि वर ५ किलो फुकट मिळायचं. पाच माणसांच्या घरात महिन्याला ५० किलो, एक पोतं. जानेवारी २०२३ ला वरचं ५ किलो बंद झालं आणि विकतचं ५ किलो फुकट झालं. घरात आलं २५ किलो, अर्धं पोतं. माणशी दहा-पंधरा रुपये वाचले आणि पाच किलो धान्य गेलं. ते पाच किलो बाजारातनं आणायला किती पडतं ते मागच्या बायांना विचारा. फुकट या शब्दाखाली अर्धं पोतं गायब झालं आणि आपण टाळ्या वाजवल्या.

५ किलोला ३० नं भागा. दिवसाला १६६ ग्रॅम. भाकरी दोन. गोदीत पाळी संपवून आलेला माणूस दोन भाकरी तर भाजी वाढेपर्यंत संपवतो. आणि नुसत्या धान्यानं जेवण होतं का? तेल, मीठ, मिरची, डाळ, गॅस? आज्जी म्हणायची, "पीठ फुकट, पण जाळ इकत." ज्या जिल्ह्यात शेंगाचटणी अन् ज्वारीची कडक भाकर हे गरिबाचं जेवण, तिथं दुकानात बहुतेक महिने गहू अन् तांदूळ. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ अन् पामतेल अशी पिशवी दिली. सणाला तोंड गोड केलं. पोट काय सणालाच लागतं?

आणि कार्डात कोण बसतं? कायदा लागू करताना शहरात वर्षाला ५९ हजार उत्पन्नाची मर्यादा ठेवली. म्हंजे महिन्याला पाच हजारांच्या आत. यंत्रमागावर नवरा आणि घरात विड्या वळणारी बायको, दोघांचं मिळून यापेक्षा जास्त भरलं की ते श्रीमंत! वर राज्याला कोटा बांधून दिलेला, सात कोटींच्या थोडा वर, २०११ च्या जनगणनेवर. २०२१ ची जनगणना २०२१ ला झालीच नाही. २०११ नंतर जन्मलेलं पोरगं आज नववीत असंल. त्याचं नाव चढवायला गेलं की "इष्टांक संपला" म्हणतात. पोराला भूक लागताना इष्टांक बघून लागत नाही.

आता अंगठ्याचं. मशीनवर अंगठा लावल्याशिवाय धान्य नाही. माझा अंगठा बघा. पोत्याला लावायच्या हुकानं आणि तागाच्या घासण्यानं रेषा पुसल्यात. मशीन मला ओळखत नाही. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात. पान कापून, दोरा ओढून त्यांची बोटं गुळगुळीत झालीत. ज्यानं जास्त काम केलं त्याचा अंगठा आधी पुसतो, आणि त्यालाच मशीन म्हणतं तू तो नव्हेस! आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला तीन खेपा परत पाठवलं. चौथ्या खेपेला ती गेलीच नाही. दुकानदारानं वहीत लिहिलं, लाभार्थी आला नाही.

याची शेवटची पायरी काय ते झारखंडात दिसलं. २०१७ च्या सप्टेंबरात सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक पोरगी मेली. आधारला जोडलं नव्हतं म्हणून घराचं रेशन तुटलेलं. पोरगी भात मागत मेली, असं आई म्हणाली. सरकार म्हणालं, मलेरिया. त्यानंतर ऑक्टोबरात केंद्रानं राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारू नका, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवा, वहीत नोंद करा आणि द्या. हा कागद दुकानदाराला ठाऊक असतो, आपल्याला नसतो. सगळी गडबड इथं आहे.

कुणी म्हणंल, रेशनची कटकट कशाला, फुकट जेवण ठिकठिकाणी मिळतं की. मिळतं. अक्कलकोटला स्वामी समर्थांचं अन्नछत्र १९८८ पासून चालतं, रोज हजारो पानं उठतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, तिथं राजा अन् हमाल एका पंगतीत जमिनीवर बसतात, ही मोठी गोष्ट आहे. उपाशी असलात तर बिनदिक्कत जा, जेवा. उपाशी माणसाला मी तत्त्वज्ञान शिकवणार नाही. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. लॉकडाऊनमध्ये ती पाच रुपयांत आणि पुढं काही महिने फुकट दिली. ज्या नाक्यावर केंद्र चालू असंल तिथं आपल्या नाका कामगारांना घेऊन जा.

पण फरक ध्यानात ठेवा. अन्नछत्र उद्या बंद झालं तर तुम्हाला कुणाला जाब विचारता येत नाही. दिलं ते त्यांचं पुण्य, नाही दिलं तर तुमचं नशीब. रेशन बंद झालं, अंगणवाडीचा खाऊ बंद झाला, शाळेची खिचडी बंद झाली, तर कायद्यानं जाब विचारता येतो. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या पोराला अंगणवाडीत, आणि आठवीपर्यंतच्या पोराला सरकारी अन् अनुदानित शाळेत फुकट आहार हा कायद्यात लिहिलेला हक्क आहे. गर्भार बाईला, अन् बाळंतपणानंतर सहा महिने, आहार हा हक्क आहे.

आणि त्या खिचडीतही जात शिजते, हे विसरू नका. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाईनं शिजवलं म्हणून सवर्ण पोरांनी जेवायचं सोडलं. धान्य सरकारचं, चूल सरकारची, पण हात कुणाचा हे आधी बघितलं. आमच्या हातानं पिकवलेलं चालतं, आमच्या पाठीवरनं गोदीतनं बाहेर पडलेलं चालतं, गोदामात आम्हीच थप्पी लावलेली चालते. ताटात वाढताना तेवढा आमचा हात बाटवतो!

आता आपल्या नावाकडं येतो. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्यांची काळी जाकिटं आपल्याला ठाऊक आहेत, बंदुका ठाऊक आहेत. त्यांची चूल ठाऊक आहे का? १९६९ च्या जानेवारीत ओकलंडमधल्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळेला जाणाऱ्या काळ्या पोरांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली. पहाटे उठून पँथर अंडी तळत होते, दूध ओतत होते. पोरगं उपाशी पोटी वर्गात बसलं तर शिकणार काय, एवढा साधा विचार. मग शहराशहरांत न्याहाऱ्या सुरू झाल्या. एफबीआयचा प्रमुख हूवर बंदुकीपेक्षा या न्याहारीला भ्याला. ही योजना मोठा धोका आहे असं त्यानं त्याच वर्षी आपल्या माणसांना कळवलं. का भ्याला? कारण जी संघटना पोराच्या पोटात जाते ती आईच्या मनातनं काढता येत नाही. आपण त्यांचं नाव घेतलं, मूठ घेतली. चूल घ्यायची राहिलीय.

आणि चूल परदेशातनंच आणायची गरज नाही. याच सोलापुरात ४ जानेवारी १९२५ ला बहिष्कृत हितकारिणी सभेनं आपल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं. सभा निघून सहा महिने झालेले नव्हते. पोरांच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्यांचा खर्च सभा उचलायची आणि नगरपालिका महिन्याला ४० रुपये द्यायची. 'शिका' म्हणायच्या आधी बाबासाहेबांनी ताट मांडलं, आणि ताटासाठी नगरपालिकेकडनं हक्काचे पैसे वसूल केले.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. भाषण विसरलात तरी चालंल, हे पाच विसरू नका.

एक. दर महिन्याला पावती घ्या. मशीनमधनं कागद निघतो, त्यावर किती किलो ते छापलेलं असतं. दुकानदार म्हणंल कागद संपला. म्हणा, मग आम्ही बसतो, कागद आणा. पावती आणि पिशवी यांचा मेळ काट्यावर घाला.

दोन. गल्लीतली सगळी कार्डं रविवारी एका जागी वाचा. पिवळं कुणाचं, केशरी कुणाचं, कुणाचं नाव गळलं, कुणाचं लेकरू चढलं नाही, कुणी मेलेलं अजून कार्डावर जेवतंय. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. दहावी शिकलात ते कशासाठी? कायद्यानं कार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. तिच्या हातात कार्ड द्या, नवऱ्याच्या खिशात नको.

तीन. अंगठा जुळला नाही की एकट्या म्हातारीला परत येऊ देऊ नका. चार पोरांनी संगती जायचं. नाकारलं तर तारीख, वेळ अन् कारण कागदावर लिहून मागायचं. लेखी मागितलं की निम्मी दुकानं तिथंच धान्य देतात, हा माझा अनुभव आहे.

चार. दक्षता समिती. कायद्याच्या २९ व्या कलमात लिहिलंय की या समितीवर अनुसूचित जातीचे, बायांचे, निराधारांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत. तुमच्या दुकानाच्या समितीवर कोण आहे? विचारा. दुकानदाराचा मेव्हणा असंल. त्याच्या जागी मागं बसलेल्या या मावश्या गेल्या पाहिजेत. तक्रार १९६७ या नंबरावर करा, नाही ऐकलं तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी, पोच घेऊन. धान्य मिळालंच नाही तर कायद्यात अन्न सुरक्षा भत्ता आहे, पैशात. तोही मागा.

पाच. जे गाव सोडून गेलेत त्यांना सांगा. सोलापूरचं कार्ड मुंबईत, पुण्यात, सुरतेत चालतं. एकजण तिथं आपला वाटा उचलू शकतो, बाकीचे इथं. मुंबईत मला एका दुकानदारानं सांगितलं, गावाला जाऊन घे. मी म्हटलं, गावानं मला बाहेर काढलं म्हणून तर इथं आलो. लिहून दे. त्यानं माप टाकलं.

हे काम लहान वाटतं, मला ठाऊक आहे. कुणी म्हणंल, हा समाजसेवा करायला सांगतोय, व्यवस्था बदलायचं सोडून. पण जी माणसं पाच किलोसाठी दुकानदारापुढं तोंड उघडत नाहीत ती सत्तेपुढं कशी उघडणार? आणि मी पाच किलोवर थांबायला सांगत नाही. पाच किलो ही थट्टा आहे. डाळ मागा, तेल मागा, आपली ज्वारी मागा, कोटा वाढवून मागा, मजुरी एवढी मागा की रांगच लागू नये. पण मागताना हात पसरलेला नको. हातात कार्ड पाहिजे, पावती पाहिजे आणि शेजारी चार माणसं.

गोदीत एक पोतं पन्नास किलोचं असतं. दहा माणसांचा महिना. दिवसाला मी किती महिने पाठीवरनं नेतो याचा हिशेब मी आता ठेवायला लागलोय. तुम्हीही ठेवा. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला भीक घालायला लोक कचरतात.

आता उठून जाण्यापूर्वी मागच्या मावश्यांनी नावं सांगायची आणि पुढच्या कवींनी लिहून घ्यायची. पहिलं कार्ड कुणाचं?

जयभीम.